दुसऱ्याच्या भिंतीवरचा खिळा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या चाळीत चुन्याचा वास सुटे. कोपऱ्यावरच्या दुकानातून चुनकळी आणायची, पत्र्याच्या डब्यात पाणी ओतून ती विरवायची, खदखदून निवली की फडक्यातून गाळायची, आणि त्यात चिमूटभर नीळ व मूठभर मीठ टाकून काथ्याच्या कुंच्याने भिंती ओढून काढायच्या. त्या दिवशी साऱ्या मजल्याचे संसार गॅलरीत मांडलेले असत आणि कोणाच्या घरी किती भांडी आहेत, कोणाची गादी किती फाटली आहे, हे सर्वांना कळे. एवढा खटाटोप ज्या भिंतींसाठी चाले त्या भिंती मात्र आमच्यापैकी कोणाच्याही नव्हत्या. त्या घरमालकाच्या होत्या. त्याने स्वतः त्यांना शेवटचा हात केव्हा दिला होता हे चाळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही आठवत नव्हते. भाडेकरू आपल्या पैशाने मालकाच्या भिंतीला दरसाल चुना लावीत, आणि तरी चुना कोणी कोणाला लावला, हा वाद दोन्ही पक्षांत कायमचा होता.

ह्या लहानशा व्यवहाराचा इतिहास लिहावा असे माझ्या मनात फार दिवस होते. राजांच्या लढायांचा इतिहास मी वर्गात शिकवतो. परंतु दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाने त्या घरात ठोकलेल्या खिळ्याचा इतिहास कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. वस्तुतः तो खिळा फार जुना आहे.

नारदस्मृतीत त्याचा विचार झालेला आहे. परक्याच्या जमिनीवर घर बांधून, जमिनीचे भाडे देऊन जो राहतो, त्याने जागा सोडताना छपराचे गवत, लाकूड, विटा आदी सामान आपल्याबरोबर न्यावे; परंतु जो भाडे न देता आणि मालकाच्या इच्छेविरुद्ध राहिला, त्याला मात्र ते नेता येणार नाही, असा त्या स्मृतीचा निर्णय आहे. त्यातला व्यवहारीपणा मला फार आवडतो. जमीन तुझी, ती तुला राहो. पण माझ्या घामाची वीट माझी. मात्र भाडे चुकते केलेले असले पाहिजे.

इंग्रजांचा कायदा ह्याच्या उलटा होता. जमिनीला जे चिकटले ते जमिनीचे झाले, आणि म्हणून जमीनमालकाचे झाले, हे त्यांचे रोमनांपासून चालत आलेले सूत्र. हे सूत्र इकडे जसेच्या तसे लागू करावे की काय, हा प्रश्न १८६६ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला. सर बार्न्स पीकॉक तेव्हा तेथे मुख्य न्यायाधीश होते. पीठाने असे ठरवले की ह्या देशाच्या रूढीप्रमाणे, केवळ जमिनीला चिकटली एवढ्याच कारणाने इमारत जमीनमालकाची होत नाही. प्रामाणिक समजुतीने ज्याने बांधकाम केले त्याला आपले सामान काढून नेता आले पाहिजे. आणि मालकाला ते बांधकाम ठेवून घ्यायचे असेल तर त्याने त्याची किंमत दिली पाहिजे.

पुढे १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात तो १८९३ च्या आरंभापासून लागू झाला. त्याचे १०८ वे कलम म्हणजे मालक आणि भाडेकरू ह्यांच्या संसाराची घटनाच आहे. भाडेकरूने जमिनीला जे काही जोडले असेल ते, जागा ताब्यात असेपर्यंत, त्याने काढून न्यावे. अट एवढीच की जागा जशी मिळाली तशी परत द्यावी. मालक दुरुस्ती करीत नसेल तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून व्याजासकट कापून घ्यावा. परंतु मालकाच्या संमतीवाचून त्याने कायम स्वरूपाचे बांधकाम मात्र करू नये. 'कायम' ह्या तीन अक्षरांनी पुढे शंभर वर्षे मुंबईच्या वकिलांना पोसले आणि, पुढे सांगेन त्याप्रमाणे, आमच्या घरात एका ओट्याचा बळी घेतला.

हे कलम मुंबईला लागू होऊन चार वर्षे झाली नाहीत तोच १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग निघाला. तेव्हा प्रथमच सरकारचा हात गरिबाच्या खोलीच्या आत आला. हवा आणि उजेड आत शिरावा म्हणून अधिकाऱ्यांनी छपरांची कौले उतरवली. कित्येक घरांवर माणसांच्या वस्तीला नालायक अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. खोलीला भोक पाडावे असे डॉक्टरांना वाटे, आणि खोलीत राहणाऱ्याला वाटे की आहे ते भोकही बुजवावे, म्हणजे पाऊस येणार नाही, शेजाऱ्याची नजर येणार नाही, आणि एक फळी ठोकायला जागा होईल. ह्या दोन दृष्टींचे भांडण आजही मिटलेले नाही. क्षयाचे रोगी तपासणारा डॉक्टर पोटमाळ्याकडे पाहून मान हलवतो. आणि पाच मुलांची आई त्याच पोटमाळ्याकडे पाहून देवाला हात जोडते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

प्लेगमुळे १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडून रस्ते काढले आणि काही चाळी बांधल्या. नंतर १९२० साली, जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एकेका चाळीत ८० खोल्या आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. चार भिंती, एक दार, मजल्याला सामाईक संडास. खासगी मालकांच्या चाळींत तर खोली दहा बाय दहाची सापडली तरी पुष्कळ.

अशी खोली मिळालेला माणूस कोकणातून किंवा घाटावरून आलेला असे. गावाकडे घर कितीही मोडके असो, त्याला ओटी, पडवी, माजघर, परसू होते. आणि त्याची डागडुजी घरच्या माणसांनीच करायची असते, हे त्याच्या हाडांत मुरलेले होते. तेव्हा खोलीत पाऊल टाकल्यावर त्याने पहिले काम काय केले असेल, तर खिळे ठोकले. दाराच्या मागे कपड्यांना खुंट्या. मग एक फळी, देवासाठी. मग दुसरी, डब्यांसाठी. मग भांड्यांची मांडणी. मग कोपऱ्यात दोन विटांची आडवी ओळ घालून मोरीचा कठडा, म्हणजे आंघोळीचे पाणी अंथरुणापर्यंत येऊ नये. मग धाकट्या भावाचे लग्न झाले की मध्ये पार्टिशन, तेही पुष्कळदा जुन्या लुगड्याचे. मग गॅलरीचा आपल्या दारापुढचा तुकडा गोणपाटाने, पुढे पत्र्याने आणि अखेरीस लाकडी जाळीने बंद. कोण्या वास्तुशास्त्रज्ञाने हे शिकवले नव्हते. एका खोलीत ओटी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि देवघर अशी गावाकडची सगळी खोली-खोली त्याने हाताने परत उभी केली. फक्त ती एकमेकांच्या पोटात बसवली.

आणि ह्या सर्वांचा राजा म्हणजे पोटमाळा. त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी, कारण मी मॅट्रिकचा अभ्यास पोटमाळ्यावर केला आहे.

जुन्या चाळीच्या खोलीची उंची दहा-अकरा फूट असे. माणसाला सहा फूट पुरतात. वरचे चार-पाच फूट ही मालकाकडून भाड्याच्या पावतीत न लिहिता मिळालेली इस्टेटच होती. साडेसहा फुटांवर तुळया टाकायच्या, वर फळ्या अंथरायच्या आणि एक शिडी. पोटमाळ्यावर उभे राहता येत नाही. बसावे, रांगावे किंवा निजावे. उन्हाळ्यात तेथे भट्टी असते. पण तेथे ट्रंका जातात, गाद्या जातात, गावाहून आलेली तांदळाची गोणी जाते, आणि अकरा-बारा वर्षांचे झालेले मूल जाते. त्या वयात त्याला थोडा एकांत लागतोच. खाली आईवडील काय बोलतात ते सर्व वर ऐकू येते. कादंबरीकाराला ह्याहून चांगली शाळा मिळणे कठीण.

माझे आजोबा गिरणीत सुतारखात्यात होते. आमचा पोटमाळा त्यांनी १९५६ साली बांधला; त्याचा हिशेब त्यांच्या वहीत आहे. गोदीतून निघालेल्या खोक्यांच्या फळ्या, जुन्या बाजारातले चार सागवानी खांब आणि 'पाचरी १६'. ह्या पाचरींतच त्यांची हुशारी होती. इतर बिऱ्हाडांत तुळयांची टोके भिंतीत भोके पाडून बसवलेली असत. आजोबांनी भिंतीला हात लावला नाही. चार कोपऱ्यांत चार खांब जमिनीवर नुसते उभे केले, त्यांवर तुळया ठेवल्या आणि सगळा सांगाडा पाचरी मारून घट्ट केला. एक खिळा नाही, सिमेंटचा एक कण नाही. कोणी विचारले तर म्हणत, "हा माळा नव्हे, मोठा पलंग आहे. पलंगाला मालकाची परवानगी कशाला?" १०८ वे कलम त्यांनी वाचलेले असणे शक्य नाही. पण न्यायालये 'कायम' म्हणजे काय ते ठरवताना पुढे जे प्रश्न विचारीत आली, म्हणजे वस्तू कशी जोडली आहे, मोडतोड न करता निघते का, कोणत्या हेतूने केली, किती टिकावी अशी केली, त्या सगळ्यांचे उत्तर त्या सोळा पाचरींत होते.

आजोबांना एवढी सावधगिरी का वाटली, हे समजण्यासाठी १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याकडे यावे लागते. भाड्यावर नियंत्रण पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, एकदा आले होते. दुसऱ्या युद्धात पुन्हा आले. आणि १९४७ च्या कायद्याने ते मुंबईच्या अंगवळणीच पडले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभूत ठरले आणि तेथेच गोठले. पागडी घेणे गुन्हा ठरला, आणि ती सर्रास चालू राहिली. भाडे वेळेवर देणाऱ्या भाडेकरूला मालक सहजासहजी काढू शकेना. काढण्याची जी मोजकी कारणे १३ व्या कलमात राहिली त्यांत एक होते: मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करणे.

ह्याचा परिणाम विलक्षण झाला. भाडे वाढत नाही म्हणून मालक दुरुस्ती करीना. दुरुस्ती होत नाही म्हणून भाडेकरू स्वतः गवंडी आणि सुतार झाला. आणि तो गवंडी-सुतार झाला की मालकाला त्याला बाहेर काढण्याचे कारण सापडे. कायद्यात उपाय नव्हता असे नाही. २३ व्या कलमाप्रमाणे मालकाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय होती; पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. आमचे भाडे महिना साडेनऊ रुपये होते. म्हणजे वर्षाचे ११४, आणि त्याचा चौथा हिस्सा २८ रुपये ५० पैसे. १९८४ साली एवढ्यात सिमेंटची एक गोणी येत नव्हती.

मालकांच्या बाजूनेही लिहिले पाहिजे. साडेनऊ रुपयांत चाळ उभी ठेवणे कोणालाही शक्य नव्हते, आणि सगळे मालक काही कुबेर नव्हते. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले गेले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की १९४० च्या भाड्याला खिळून राहणे आता वाजवी उरलेले नाही. हे खरेच आहे. पण गोठलेल्या भाड्याचे गणित मांडताना भाडेकरूंनी त्या इमारतींत घातलेला चुना, फळ्या, पत्रे, फरशा आणि रविवार ह्यांची बेरीज कोणी केलेली माझ्या वाचनात नाही. चाळीचे आयुष्य वाढले असेल तर ते पुष्कळसे ह्या रविवारांनी वाढले.

आता तो ओटा.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि माझे वडील घरी बसले. दोन वर्षे त्यांनी मिळेल ते काम केले. आईने दुपारी डबे देण्याचा धंदा सुरू केला. पंधरा डबे. त्या काळी आमच्याकडे स्वयंपाक खाली बसून होई. स्टोव्ह जमिनीवर, पोळपाट जमिनीवर. पहाटे चारपासून दहापर्यंत बसून-उठून तिचे गुडघे सुजले. रात्री ती तेल चोळत बसे, आणि ते वडिलांना बघवत नसे. १९८४ च्या दिवाळीआधी, चुना लावायच्या वेळी, त्यांनी एका गवंडी मित्राला हाताशी घेऊन मोरीच्या बाजूला विटांचे दोन पाये बांधले, वर कडाप्पा टाकला आणि भिंतीला सिमेंटने सांधून घेतला. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा. आई त्यापुढे प्रथम उभी राहिली तेव्हा हसली आणि म्हणाली, "अहो, मला खिडकीतून रस्ता दिसतो."

भाडे न्यायला येणारे मेहताजी दारातून आत कधी पाहत नसत. त्या महिन्यात त्यांनी पाहिले.

"हे कधी केलं?"

"दिवाळीत केलं, मेहताजी. घरात बाईमाणसाला त्रास होतो."

"शेठना विचारलं होतं?"

वडील गप्प राहिले. मेहताजींनी पावती फाडली, पण तिच्यावर सही करण्याआधी ते बराच वेळ ओट्याकडे बघत उभे होते. वाईट मनुष्य नव्हता तो. त्याचे काम होते.

महिन्याभरात वकिलाची नोटीस आली. कायम स्वरूपाचे बांधकाम, लेखी संमती नाही, जागा खाली करा. संपात तीन महिन्यांचे भाडे थकले होते, तेही नोटिशीत होते. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात आम्हांला वकील देणे परवडणारे नव्हते. ओळखीच्या एका कारकुनाने सल्ला दिला की दावा लागण्याआधी ओटा काढून टाका आणि थकबाकी भरा. आईने बांगड्या मोडल्या. भाडे भरले गेले. आणि एका रात्री वडिलांनी छिन्नी-हातोडी घेऊन, चाळीत आवाज होऊ नये म्हणून हातोडीला फडके गुंडाळून, आपण बांधलेला ओटा आपणच फोडला. मी पोटमाळ्यावरून पाहत होतो. चार-पाच वर्षांचा होतो. मला वाटले की दिवाळीचा किल्ला मोडतात तसेच हे असावे.

कडाप्पा मात्र त्यांनी सांभाळून काढला. महिन्याभराने एका लोहाराकडून लोखंडी कोनांची घोडी करून आणली आणि तो दगड तिच्यावर ठेवला. भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडून. मेहताजी आले तेव्हा वडिलांनी त्यांना आत बोलावले आणि त्या दोन बोटांच्या फटीतून कागद सरकवून दाखवला. "बांधलेला नाही, ठेवलेला आहे," ते म्हणाले. आजोबांची पाचर त्यांना उशिरा सुचली होती. मेहताजींनी सही केली. त्या फटीतून पुढे पंधरा वर्षे पीठ, मोहरी आणि क्वचित एखादा चमचा खाली पडत राहिला, आणि दर दिवाळीला घोडी हलवून तो सगळा ऐवज बाहेर काढणे हे माझे काम होते.

१९९९ साली महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या १६ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात काय काय कायम बांधकाम मानू नये ह्याची यादी आहे. जेथे लागेल तेथे महापालिकेची परवानगी मात्र हवी. लाकडी पार्टिशन, दार, जाळी, हवेसाठी पाडलेली खिडकी, धुराडे. आणि त्या यादीत, अगदी आरंभी, स्वयंपाकघरातला उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आहे. ती यादी मी प्रथम वाचली तेव्हा मला वाटले की विधिमंडळात कोणीतरी चाळीत वाढलेला मनुष्य बसलेला असला पाहिजे. मी ते कलम घरी मोठ्याने वाचून दाखवले आणि वडिलांना म्हटले की आता हा दगड भिंतीला सांधून टाकू. वडील आईकडे पाहू लागले.

"नको," आई म्हणाली. "हलवता येतो तोच बरा. मागचं साफ होतं."

२०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळींतील ५५६ बिऱ्हाडांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. कोऱ्या भिंती, कोरा ओटा. मी त्या छायाचित्रांत खुंट्या शोधत होतो. आमची चाळ त्याआधीच काही वर्षे पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली. खोली सोडण्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी पोटमाळा उतरवला. सत्तरीला आलेल्या माणसाने हे करू नये म्हणून मी हमाल आणला होता. त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. पाचरी एकेक करून सैल केल्या, फळ्या काढल्या, तुळया काढल्या, खांब आडवे केले. दुपारपर्यंत खोली आजोबांना मिळाली होती तशी झाली. भिंतीला एक भोक नव्हते. फक्त पोटमाळ्याच्या वरच्या बाजूला, जेथे कुंचा पोचत नसे, तेथे जुन्या चुन्याच्या निळसर खपल्या तशाच होत्या, आणि खाली पुढच्या वर्षांचे थर.

मालकाचा मुलगा ताबा घ्यायला आला होता. लाकूड न्यायचे का, असे वडिलांनी त्याला विचारले. त्याने हाताने खूण केली, न्या. वडिलांनी पाचरी एका कापडी पिशवीत मोजून घातल्या. चौदा भरल्या. आजोबांच्या वहीत सोळा होत्या. दोन केव्हा, कोठे गेल्या, हे कोणालाच आठवेना. आणि वडील बराच वेळ रिकाम्या खोलीत वाकून कोपरे पाहत होते.